बिनडोळ्यांचा नागोबा

साहेबांनो, भिंतीचित्रांच्या तुमच्या योजनेने गावात कला आणली म्हणून फोटो काढून घेतलेत आणि जाताना सावळदऱ्याच्या भिंती हिसकावून नेल्यात. या गावाला चित्र येत नाही, हे तुम्हीच ठरवून मोकळे झालात.

उन्हाळ्यात तुमची माणसं आली. घराघराच्या दर्शनी भिंतीला चित्रलेप फासून गेली. दिसायला साधा चुना, पण त्यातल्या कणांना बोट कळतं. बोट फिरेल तिथे रंग उमटतो, आणि रेघ चुकली असं वाटलं की लेप ती आपणच सुधारतो. पोरं जेवायलाही घरात येईनात. काढलेली गाय वाकडी असली तरी क्षणात ऐटदार उभी राहायची. सुभद्राच्या अक्षदाचे मोर तर गल्लीभर झाले.

नागपंचमीला मात्र ती भिंतीपुढे नुसतीच उभी राहिली. सावळदऱ्यात या दिवशी घरातल्या मुलीने दारालगत नागोबा काढायचा. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराचा नागोबा बिनडोळ्यांचा. येणारा-जाणारा तो बघतो, चपला काढून आत येतो, गेलेल्याची एखादी आठवण सांगून जातो. पौषात अक्षदाचा दादा, ऋषी, ट्रॅक्टरखाली गेला होता.

तिने नागोबा काढला. डोळ्यांची जागा मोकळी सोडली. हात खाली येईतो तिथे दोन टपोरे डोळे आले. तिने पुसले. पुन्हा आले.

"आई, हे राहूच देईना."

सुभद्रा पुरणाच्या हातांनी बाहेर आली. "कोळशानं काढ की मग."

"लेपावर कोळसा धरत नाही. गळून पडतोय."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कमळाकाकू आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंस बाई, डोळे दिलेस. किती दिवस उराशी धरायचं." आणि चपला न काढता पुढे गेल्या.

सुभद्रा उंबऱ्यावर बसली.

तुमच्या योजनेचे देशमाने सणाचे फोटो घेत फिरत होते. अक्षदाने त्यांना गाठलं. "सर, लेपाचं हे आपणच सुधारणं बंद करा ना."

"तशी सोय नाही ठेवलेली, बाळा. लाखो नाग बघून शिकलाय तो. बिनडोळ्यांचा एकही नव्हता. त्याला हे अर्धवट राहिलंय असं वाटतं."

"आमच्या गावातले नाही दाखवले?"

"तुमच्याकडे चित्रं काढतात, हे कुठं माहीत होतं?"

अक्षदा परतली. तिने दोन्ही तळवे नागोबाच्या डोळ्यांवर दाबले आणि तशीच उभी राहिली. कमळाकाकू माघारी येताना थबकल्या. बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिल्या. मग चपला काढल्या आणि सुभद्राशेजारी टेकल्या.

"तुझा ऋषी ना," त्या म्हणाल्या, "माझ्या शेळीला उसाचं वाढं चारून फितवायचा. माझ्या हाकेला यायची नाही ती."

सुभद्रा हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

अक्षदाचे हात भरून आले तेव्हा आई उठून तिच्या जागी उभी राहिली. आज त्या आळीपाळीने निभावतील. पण पुढच्या पंचमीला ज्याच्या घरचं माणूस गेलेलं असेल, त्याने ते गल्लीला कुठे काढून दाखवायचं? उत्तराचा कागद पाठवू नका. इथे या, या भिंतीपुढे उभे राहा आणि सांगा.