उणे सात गुणांची पोर

माझ्या नातीला यंत्राने दहापैकी उणे सात गुण दिले. उणे! शून्याच्या खालीही गुण असतात हे मला त्या दिवशी कळलं. बरं, पोरीचं एक स्पेलिंग चुकलेलं नाही, एक अर्थ चुकलेला नाही. मग हे उणे आले कुठून? मुलांनो, तुम्हीही जरा डोकं चालवा, नुसतं ऐकू नका.

केतकी माझी नात, वय वर्षं अकरा. तिला सागरतळ शाळेत जायचं होतं. आमच्या बंदरापासून सात मैलांवर, वीस मीटर पाण्याखाली काचेचे घुमट बांधलेत, तिथे मुलं समुद्रशेवाळाची शेती शिकतात. अकरा देशांची मुलं एकत्र, म्हणून सगळं बोलणं इंग्रजीत. आमच्या बंदराला जागा एकच होती आणि मुलाखत तीन दिवसांवर आलेली.

तयारी करून घ्यायला पंचायतीने एक यंत्रमानव पाठवला होता. मी त्याला पत्र्या म्हणते. तो म्हणाला, "स्वतःचं वर्णन करणारे दहा इंग्रजी शब्द लिही."

केतकीने लिहिलं : स्टबर्न (हट्टी), नोझी (चोंबडी), लेझी (आळशी), केअरलेस (वेंधळी)... असे आठ. नववा हेल्पफुल (मदत करणारी) आणि दहावा टॉल (उंच).

"आठ शब्द ऋण बाजूचे, म्हणजे वाईट," पत्र्या म्हणाला. "एक धन बाजूचा, म्हणजे चांगला. उंची ना इकडची ना तिकडची. बेरीज, उणे सात."

"अगं, हे असलं काय लिहिलंस? कुणी सांगितलं तुला?" मी ओरडले.

"तूच, आजी. रोज सांगतेस."

खरं होतं तिचं. आमच्यात पोराचं कौतुक तोंडावर करत नाहीत, दृष्ट लागते. शेजारीण म्हणाली, "किती गुणाची पोर!" की आपण म्हणायचं, "कसली गुणाची, नुसती हट्टी आहे." मोठ्यांना त्यातली माया कळते. पोरीने मात्र शब्द तेवढे उचलले होते आणि स्वतःला चिकटवून घेतले होते.

मग मी पत्र्यावर घसरले. "तुला रे काय कळतं चांगलं-वाईट? तुला ना लाज, ना राग."

"नाही कळत, आजी. मी फक्त शब्दांचे शेजारी बघतो. मी कोट्यवधी इंग्रजी वाक्यं वाचली. ब्रेव्ह (धाडसी) हा शब्द कुणाजवळ सापडतो? विजय, आभार, विश्वास यांच्याजवळ. क्रुएल (क्रूर) कुणाजवळ? जखम, भीती, रडणं यांच्याजवळ. त्यावरून मी शब्दनकाशा (शब्दांच्या सोबतीवरून काढलेला नकाशा) बनवतो. ज्यांची सोबत सारखी, ते शब्द नकाशात जवळजवळ येतात."

"एवढंच होय! मग आमच्या मासळी बाजारासारखं सांग की. पापलेटवाल्या पुढच्या ओट्यावर, सुकटवाल्या मागच्या भिंतीला. पाटी झाकलेली असली तरी शेजारणी बघून मी सांगेन आत काय आहे ते."

"तुम्ही मला एका उदाहरणात समजावलंत," पत्र्या म्हणाला. त्याला उपजत अक्कल होती म्हणायची.

केतकी पुढे सरकली. "मग स्टबर्नच्या जवळ कोण बसतं?"

"भांडण, नकार, कटकट. पण डिटरमिन्ड (जिद्दी) बघ. हाही मागे न हटणाराच, पण त्याच्या शेजारी प्रयत्न आणि यश बसतात. नोझी दुसऱ्याच्या घरात डोकावते, क्युरिअस (जिज्ञासू) जगात डोकावते."

"आणि माझ्या पोरीला कुठला शब्द लावायचा, हे कोण ठरवणार?"

"तिने काय केलं त्यावरून ठरेल. तुम्ही सांगा, आजी. मी शब्द शोधतो."

आता आली का पंचाईत! तोंडावर कौतुक करायचं. मी आधी पोरीच्या गालाला काजळाची तीट लावली आणि मगच तोंड उघडलं.

"फाटकं जाळं हिने नऊ दिवस बसून विणलं. बोटं सोलली, पण उठली नाही."

"डिटरमिन्ड."

"कासवांवर लक्ष ठेवणाऱ्या साहेबाला हिने इतके प्रश्न विचारले की तो पाणी मागायला लागला."

"क्युरिअस."

"स्वतःचा रेनकोट वर्गातल्या मुलीला देऊन भिजत आली."

"जनरस (उदार)."

केतकी माझ्याकडे टकामका बघत होती. "आजी, हे सगळं तुला माहीत होतं?"

"मला डोळे आहेत गं, मेले!" मी तिची फिसकटलेली तीट पुन्हा नीट लावली.

"मग केअरलेस खोडू?" तिने विचारलं.

"मुळीच नाही. कोळंबीच्या टाकीचा पंप बंद करून विसरलीस, सगळी पिल्लं मेली. ते खरं आहे."

"खरा ऋण शब्दही हवाच," पत्र्या म्हणाला. "नुसते गोड शब्द ऐकले की माणसाला संशय येतो."

मुलाखतीला पडद्यावर एक परदेशी बाई आल्या. पत्र्या माझ्या कानात मराठी करून सांगत होता. त्यांनी पहिलंच विचारलं, "कसं वाटतंय?" तिच्या आधीची पोरं घोकल्यासारखी हॅपी, हॅपी (आनंदी) म्हणून मोकळी झाली होती. केतकी म्हणाली, "नर्व्हस (धास्तावलेली). आणि होपफुल (आशेने भरलेली). दोन्ही एकदम."

बाई पुढे झुकल्या. "तुझ्यातला दोष?"

"केअरलेस," ती म्हणाली. मग पंपाची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर स्वतः जोडलेल्या भोंग्याचीही. आता पंप थांबला की अख्खी गल्ली जागी होते!

त्या एकमेव जागेवर केतकी तांडेल हे नाव लागलं. मी बाजाराच्या मधोमध उभी राहून सांगितलं, "माझी नात धाडसी आहे, हुशार आहे, आणि ज्याला दृष्ट लावायची त्याने लावून बघावी!"

परवा समुद्राच्या तळावरून तिचा फोन आला. वर पाहिलं की पाण्यातून ऊन हलत खाली येतं, तेव्हा छातीत काहीतरी होतं म्हणे. भीती नाही, आनंदही नाही, दोन्हींच्या मधलं. अकरा देशांच्या मुलांनी आपापल्या भाषा धुंडाळल्या, कुणाकडेच शब्द निघाला नाही. पत्र्याच्या शब्दनकाशातही ती जागा मोकळीच आहे. आता ती सगळी मिळून शब्द घडवताहेत.

घडवा म्हटलं. इंग्रजीलाही कळू दे, तिला शिकवणारी पोर आमच्या बंदरातून गेली आहे.