शेवटच्या वहीची पेटी

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात संचिता जुने कागद सांभाळायची आणि मापाच्या बाबतीत ती भारी हट्टी होती. वहीची जाडी तीन ठिकाणी मोजायची, मोठ्या आकड्यात दोन मिलिमीटर मिळवायचे, मगच मानपाड्याच्या दिपेशला पुठ्ठ्याची पेटी सांगायची. पेटी सैल झाली की वही आत घासते, घट्ट झाली की कडा मोडतात.

या वेळी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सिल्वेस्टर सरांच्या वह्या आल्या होत्या, खाडीतल्या तिवराच्या झाडांच्या नोंदींच्या. सात वर्षांपूर्वी सर होडीतून गेले ते परतलेच नाहीत. रिकाम्या होडीत शेवटची वही तेवढी सापडली. आता कोर्टाने त्यांना मृत ठरवलं होतं.

"ती वही एकदाची बंद कर, बाय," त्यांच्या पत्नी, ॲडेलिन आंटी, म्हणाल्या होत्या. "रविवारी चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा आहे. मला वाट बघणं थांबवायचंय."

वहीत सरांनी दाबून ठेवलेली वाळकी पानं होती. पानांनी कागद डागाळतो, म्हणून संचिताने ती सगळी काढून पाकिटांत घातली. वही भरली सोळा मिलिमीटर.

पेटी आली, पण झाकण लागेना.

"मॅडम, माप तुम्हीच दिलेलं," दिपेश फोनवर म्हणाला.

"मी काय झोपेत मोजते का रे?"

तिने पुन्हा मोजलं. एकोणीस. दमटपणाने फुगली म्हणावी, तर खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा जागच्या जागी. तिने वही उघडली. मधोमध तिवराची सहा पानं होती, हिरवी.

आपल्याच हातून राहिली असतील म्हणून तिने ती काढली, झाकण लावलं, कपाटाला कुलूप घातलं. सकाळी झाकण उचललेलं होतं. आत पुन्हा सहा पानं, पानांच्या पाठीवर मिठाचे ओलसर कण. किल्ली रात्रभर तिच्या पर्समध्येच होती.

तिसऱ्या दिवशीही तेच. ती घाबरली नव्हती, पण तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

शनिवारी तिने आंटींना सगळं सांगितलं.

"सात वर्षं रोज सकाळी मीच ती पानं काढत होते," आंटी म्हणाल्या. "म्हणून तर तुला दिली वही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला वेडी म्हणाली असतीस. पानं येतात तोवर तो तिथे खाडीत आहे, एवढंच मला कळतं."

रविवारी मिस्सा झाली.

सोमवारी दुपारी संचिताने कपाट उघडलं. झाकण घट्ट बसलेलं होतं.

वहीत एकही पान नव्हतं.

तिने आंटींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आता नको, बाय," आंटी अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तो जेवतोय."