साक्रीची कॅसेट

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. गायिकेचं नाव तेवढं मी बदललंय, कारण तिची मुलंबाळं अजून साक्रीकडेच राहतात. बाकी गावं, माणसं, कॅसेट, सगळं जसंच्या तसं. माझं नाव मात्र विचारू नका.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मे महिन्यात दोंडाईच्याला यावं. दुपारी दोन वाजता. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली. पंखा फिरतो तोही गरम हवा अंगावर फेकत. अशा वेळी घरात एकटं माणूस असेल, तर त्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो.

तारीख होती तेवीस मे २०२४. गुरुवार. जागा, स्टेशनजवळचं मामांचं दोन खोल्यांचं घर.

आधी मामांबद्दल सांगतो. प्रेमराजमामा कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते. वय एकसष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या खान्देशात सुनंदाबाई नावाची एक गाणारी बाई होती. अहिराणी गाणी म्हणायची. लग्न, जत्रा, बाजार, जिथे बोलावतील तिथे. मामा आणि त्यांचा दोस्त गिरधर टेलर तिचे असे भक्त, की कार्यक्रम शिंदखेड्याला असो की जळगावला, हे दोघं पहिल्या रांगेत. गिरधरच्या मांडीवर टेपरेकॉर्डर. मामांच्या खिशात चिठ्ठी.

फर्माईशीची चिठ्ठी. वर नाव, गाव, खाली गाणं. सुनंदाबाई माईकवरून नाव वाचायची आणि मग गायची. गिरधरचं नाव तिने कितीदा तरी वाचलं. मामांचं एकदाही नाही.

कारण मामांनी चिठ्ठी कधी वर पाठवलीच नाही.

लिहायचे. खिशात ठेवायचे. घामाने भिजवून परत आणायचे. गिरधर शिव्या घालायचा आणि ती चिठ्ठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचा. अशा सतरा चिठ्ठ्या जमल्या.

पुढे सुनंदाबाई वारली. तिच्या घरच्यांनी पेटी विकली, पार्टी मोडली. उरलं ते सगळं मामांच्या घरी, या दोघांच्या कपाटात. त्रेचाळीस कॅसेट, नऊ पोस्टर, दोन फोटो, चिठ्ठ्यांचा तो डबा, आणि तिच्या पेटीची तुटलेली एक पांढरी पट्टी.

हे जपायची गिरधरची एक पद्धत होती. प्रत्येक कॅसेटला त्याने मांजरपाटाची पिशवी शिवली होती. कापड आधी तीनदा धुऊन खळ काढायचा, कारण खळीला कसर लागते. पोस्टर ताग्याच्या नळीवर गुंडाळलेले. कपाट लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. डांबराच्या गोळ्या अजिबात नाहीत, तळाशी फक्त सुकलेला कडुनिंब.

आणि दर वैशाखात, हवा कोरडी ठणठणीत झाली की, प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. मध्ये थांबवायची नाही. पुढे पळवायची नाही. टेप वर्षभर गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो, असं गिरधर सांगायचा. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. म्हणून टेपला दर उन्हाळ्यात चाल द्यायची.

वीस-बावीस वर्षं दोघांनी ते केलं. कपाटाच्या या बाजूला मामा, त्या बाजूला गिरधर. मधे चहा.

जानेवारी २०२३ मध्ये गिरधर गेला. धुळ्याला दवाखान्यात मामा शेजारीच होते. सगळं मामांच्या हवाली करत तो म्हणाला, "प्रेमराज, बठ्ठं तुन्हाकडे शे आते. एक बी उन्हाळा चुकाडू नको."

मामांनी पहिलाच उन्हाळा चुकवला.

कपाट उघडायला हातच होईना, असं ते म्हणतात. कपाटाच्या त्या बाजूची जागा रिकामी दिसायची. माणूस इतका एकटा पडू शकतो हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. गिरधर नाही म्हणून गाणी नाहीत, आणि गाणी नाहीत म्हणून दिवसभर घरात कुणाचाच आवाज नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, हे सगळं देऊन टाकायचं.

जळगावचे केवलचंदशेठ जुनी गाणी, जुनी यंत्रं जमवतात. ते फोनवर म्हणाले, "प्रेमराजभाऊ, माझ्याकडे थंड, कोरडी खोली आहे. काळजी करू नका. फक्त एकदा सगळ्या वाजवून बघा, चालू आहेत ना. पंचवीस तारखेला शनिवारी मी गाडी पाठवतो."

म्हणून दहा मेला मामांनी कपाट उघडलं. रोज दुपारी तीन कॅसेट, कधी चार.

पहिली कॅसेट शिंदखेड्याच्या एका लग्नातली. सगळं नीट वाजत होतं. जनरेटरची घरघर, पोरांचा गलका, सुनंदाबाईचा तो खणखणीत आवाज...

पण दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला खोकला आला नाही.

गिरधरला खोकल्याची सवय होती. टेपरेकॉर्डर त्याच्याच मांडीवर, त्यामुळे प्रत्येक कॅसेटमध्ये त्याचा खोकला. कुठे एकदा, कुठे चारदा. मामांना त्या सगळ्या जागा पाठ होत्या.

त्यांना वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं.

दुसरी कॅसेट लावली. तिथेही नाही. तिसरी... तिथेही नाही.

बाकी सगळं जागेवर. फक्त गिरधर त्यातून निघून गेला होता.

मामा त्या दिवशी रडले. त्यांना भीती वाटली नाही, अपराधी वाटलं. एक वर्ष चाल दिली नाही म्हणून टेप खराब झाली आणि नेमका त्याचाच आवाज पुसला गेला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दोस्ताचा शेवटचा आवाज आपण आपल्या आळसाने घालवला, हे त्यांच्या जिवाला लागलं.

रोज तेच. कॅसेट, गाणं, आणि खोकल्याची रिकामी जागा.

नवव्या दुपारी मामा कपाटाला पाठ टेकून बसले होते. जळगावच्या जत्रेतली कॅसेट चालू होती. एका गाण्याआधी गिरधर दोनदा खोकायचा. ती जागा आली. मामांनी डोळे मिटले.

टेपवर काहीच नाही...

आणि कपाटाच्या त्या बाजूने कुणीतरी खोकलं.

दोनदा.

मामा उठले नाहीत. वाकून पाहिलंही नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, "पाहिलं असतं आणि कुणी नसतं, तर?"

त्या दिवसापासून मामा दोन कप चहा करू लागले. दुसरा कप तसाच निवायचा. तो ते ओतून टाकायचे, पण करायचे.

आता तेवीस तारखेचं.

शेवटची एकच कॅसेट राहिली होती. साक्रीची. ती मामांनी मुद्दाम मागे ठेवली होती.

१९९६ साली साक्रीला बाजाराच्या दिवशी कार्यक्रम झाला. त्यात एका गाण्यानंतर सुनंदाबाई माईकवर हसत म्हणाली होती, "त्या दोन भाऊ दर येळले येतस. एकनं नाव माले मालूम शे, गिरधरभाऊ. त्या दुसरा भाऊनं नाव काय शे?"

अख्खा बाजार मामांकडे बघत होता. आणि मामांनी मान खाली घातली.

टेपवर ती चुप्पी तशीच्या तशी आहे. मोजून चार सेकंद. जनरेटरची घरघर, लांब रडणारं एक मूल. मग लोक हसतात आणि पेटी सुरू होते. दर उन्हाळ्यात गिरधर तिथे पोट धरून हसायचा आणि मामा लाल व्हायचे. पण गिरधर घरी गेला की मामा एकटे बसून त्या चार सेकंदांचा विचार करायचे. तीन अक्षरी नाव... नाही, चार अक्षरी. तेवढं तोंडातून निघालं असतं तर? ती माणसं काय खाणार होती? आयुष्यभर त्यांना त्या चार सेकंदांचंच दुःख होतं.

त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मामांनी कॅसेट लावली. चहाचे दोन कप. दार बंद.

गाणं झालं. सुनंदाबाईने विचारलं, "...त्या दुसरा भाऊनं नाव काय शे?"

चुप्पी आली.

एक...

दोन...

रडणारं मूल थांबलं. जनरेटर थांबला. मामांच्या डोक्यावरचा पंखाही थांबला. टेप मात्र फिरत होती.

तीन...

चार...

लोक हसले नाहीत.

चुप्पी लांबत गेली. मामांनी तोंड उघडलं. अठ्ठावीस वर्षांनी ते नाव सांगणार होते. पण घशातून आवाजच फुटला नाही.

तेव्हा कुणीतरी खोकलं. आणि गिरधर म्हणाला,

"त्याले नही जमाव. मीच सांगस. प्रेमराज."

आवाज टेपमधून आला की कपाटाच्या त्या बाजूने, हे मामा आजही सांगू शकत नाहीत.

मग सुनंदाबाई बोलली. अगदी जवळून. माईकशिवाय.

"प्रेमराजभाऊ... इतला वरीस चूप काबर बसनात?"

आणि ती गायली. साक्रीला तिने कधीच न गायलेलं गाणं. मामांनी त्या दिवशी चिठ्ठीवर लिहून खिशात दाबून ठेवलेलं, तेच. अगदी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मामा हुंदके देत ऐकत राहिले.

गाणं संपलं तेव्हा त्यांचं लक्ष टेपरेकॉर्डरकडे गेलं. कॅसेट केव्हाच संपली होती. बटण वर आलेलं होतं.

त्यांनी पत्र्याचा डबा उघडून चिठ्ठ्या मोजल्या. सोळा. साक्रीची नव्हती.

दुसरा कप रिकामा होता.

मामांनी लगेच केवलचंदशेठना फोन लावला. गाडी पाठवू नका म्हणाले. शेठ गोंधळले, "भाऊ, झालं तरी काय?" मामा एवढंच म्हणाले, "अजून सोळा बाकी आहेत."

मला हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. एकटा म्हातारा, उन्हाचा तडाखा, होतं असं. आईने मात्र मला गेल्या वर्षी मे महिन्यात दोंडाईच्याला पाठवलं. भावाला दोन दिवस सोबत कर म्हणाली.

मामा आनंदात होते. खरं सांगतो, इतके आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्याच गोष्टीने मी आधी घाबरलो. दुपारी त्यांनी मला कपाटाच्या या बाजूला, स्वतःजवळ बसवलं. तीन कप चहा केला. साक्रीची कॅसेट लावली.

सुनंदाबाईने विचारलं. चुप्पी आली. जनरेटरची घरघर, लांब रडणारं मूल. मला दुसरं काहीही ऐकू आलं नाही. मामांचा चेहरा मात्र उजळला.

"ऐकं का, भाचेराव?" त्यांनी विचारलं.

मी खोटंच हो म्हणालो. आता लोक हसतील, पेटी सुरू होईल, आणि मी सुटेन...

पण लोक हसले नाहीत.

पंखा थांबला.

आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जवळून. माईकशिवाय.

"आनि हाऊ तिसरा भाऊ कोन शे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कपाटाच्या त्या बाजूला कुणीतरी हलकेच खोकलं. दोघंही माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी मी निघालो. पुन्हा गेलेलो नाही. मामा फोन करतात. तब्येत उत्तम आहे, जेवण नीट आहे, घर भरल्यासारखं वाटतं म्हणतात. माझ्यामागे हे सगळं तूच सांभाळायचं, एकही उन्हाळा चुकवायचा नाही, असंही म्हणतात. मी विषय बदलतो.

गेल्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात तोच आनंद.

"ती रोज इचारी ऱ्हायनी रे. सांगू का तुन्हं नाव?"

मागे जनरेटरची घरघर येत होती. मी फोन ठेवला.

वैशाख पुन्हा जवळ आलाय. या पेजच्या अ‍ॅडमिनना मी हात जोडून विनंती केली आहे, की गोष्ट छापा, पण खाली माझं नाव टाकू नका.