धातुरोम

चारुशीला वैरागडेच्या संगणकानं पुन्हा मान टाकली, तेव्हा ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. बाहेरच्या खोलीतली पंख्याची घरघर एकाएकी थांबली आणि काय झालं ते तिला तिथूनच कळलं. तिनं गॅस बंद केला.

नागपुरातल्या त्या लहानशा घरात जेवणाचं टेबल हीच तिची प्रयोगशाळा होती, आणि त्यावरचा संगणक तिनं सुटे भाग आणून स्वतः जुळवला होता. एके काळी पुण्याच्या 'दृढसंधी' कंपनीत तिच्या हाताखाली अख्खा विभाग होता. तिनं आणि तिचे वरिष्ठ डॉ. यशोधन पांगारकर यांनी तिथे 'स्वयंसांधी डाख' तयार केला होता. मदरबोर्डवर भाग चिकटवणाऱ्या साध्या डाखाला कालांतरानं बारीक भेगा जातात. या नव्या डाखात मिसळलेले 'चल कण' मात्र विजेच्या प्रवाहाबरोबर भेगेपर्यंत सरकत आणि ती बुजवत. जखम भरावी तसा सांधा आपोआप भरून येई. बघता बघता जगातले बहुतेक मदरबोर्ड याच डाखानं जोडले जाऊ लागले.

मग एका मेट्रोच्या नियंत्रणकक्षात आग लागली आणि तिचा सहकारी दिगंबर खोत त्यात गेला. डाख निर्दोष आहे, चारुशीलाच्या विभागानं तो हलगर्जीपणे वापरला, असं पांगारकरांनी चौकशी आयोगापुढे शपथेवर सांगितलं. तिची नोकरी गेली. डाखाच्या शोधावरचं तिचं नाव पुसलं गेलं. खोतच्या अंत्यविधीला गेली, तर त्याच्या बायकोनं तिला दारातूनच परत पाठवलं. तो दरवाजा ती विसरली नव्हती, आणि तो बंद करायला लावणारा माणूसही नाही.

नियंत्रणकक्षात त्या दिवशी डाखाचं नेमकं काय झालं, हे गणितानं शोधायचं तिनं ठरवलं होतं. पण गणित अर्ध्यावर आलं की संगणक बंद पडे. तिनं रॅम बदलली. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. प्रोसेसर बदलला, शेवटी मदरबोर्डही. नवा बोर्ड चार दिवस नीट चालला आणि मग तोही गेला. कंपनीनं माणूस पाठवून घातपात केला की काय, अशी शंकासुद्धा तिला येऊन गेली.

सलमा मुजावर तिची कॉलेजातली मैत्रीण. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायची आणि उपकरणं का निकामी होतात हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काय बदलायचं राहिलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. शेवटचा स्क्रूसुद्धा नवा आहे."

"तुझं गणित नवं नाहीये, चारू. ते पहिल्यापासून तेच चाललंय."

दोघींनी निकामी बोर्ड महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डाखाच्या एका थेंबातून केसाहून बारीक धातूचा तंतू निघून शेजारच्या थेंबाला टेकला होता. सलमानं त्याला तिथल्या तिथे नाव दिलं, धातुरोम.

कोडं मग सुटत गेलं. चारुशीलाचा कार्यक्रम थोडा वेळ जोरात आकडेमोड करी, मग उत्तर साठवायला थांबे, पुन्हा जोर धरी. त्या तालावर बोर्ड तापत आणि निवत होता. भेग नसतानाही चल कण जागे होत होते. बुजवायला काही नाही, म्हणून ते बाहेर वाट काढत होते. रोम शेजारच्या सांध्याला भिडला की शॉर्टसर्किट.

"मेट्रोच्या गाड्याही ठरावीक तालानं येतात," सलमा हळूच म्हणाली. "तुझी चूक नव्हती."

तिनं आयोगाकडे जायला सुचवलं. चारुशीलानं नकारार्थी मान हलवली. काढून टाकलेल्या बाईनं घरी जुळवलेल्या संगणकाचा पुरावा कोण मानणार? कंपनीचे वकील एका बैठकीत तो उडवून लावतील.

घरी येऊन तिनं वेगळंच काही केलं. एक निकामी बोर्ड पुन्हा जोडला आणि रागानं चालू केला. पडला की पुन्हा चालू. आठवडाभर तिनं त्याचा असा छळ मांडला. शेवटी जे दिसलं ते तिनं दोनदा तपासून पाहिलं. ते तिनं सलमालाही सांगितलं नाही.

त्याच महिन्यात 'दृढसंधी'नं 'अभंग' नावाचा महासंगणक लोकांसमोर ठेवला. कोणीही कोणतंही गणित पाठवा, तो थांबणार नाही, असं पांगारकरांचं आव्हान होतं. अभंगवर तेव्हा दुसरं कुठलंच काम सोपवलेलं नव्हतं. तो बंद पडला तरी कोणाच्या जिवाला धोका नव्हता, ही खात्री तिनं आधी केली. मग स्वतःच्या नावानं तेच गणित पाठवलं.

भरल्या सभागृहात अभंग बंद पडला. ते दृश्य घरी बसून बघताना पांगारकरांच्या कपाळावरचा घाम तिला स्पष्ट दिसला आणि फार बरं वाटलं. गणित पुरं होईपर्यंत चालवायचं, हा नियम त्यांचाच होता. अभंग पुन्हा पडला, पुन्हा उठला. पण दर खेपेला तो जास्त वेळ टिकू लागला. शेवटी गणित पुरं झालं, आणि त्यानंतर काही केल्या तो पडेना.

पांगारकर हुशार होते. त्यांनी बोर्ड तपासून कारण ओळखलं. शॉर्टसर्किट झालं की रोम जळून जाई, आणि प्रत्येक रोमाबरोबर थोडे जादा चल कण संपत. ते सगळे संपले की उरलेला सांधा कायमचा निरोगी. कंपनीकडे जगभरातून विनाकारण बंद पडणाऱ्या यंत्रांच्या तक्रारी येत होत्या, आणि त्यावर हा अक्सीर इलाज होता. त्यांनी पत्रकार बोलावून 'रोमदहन प्रक्रिया' जाहीर केली.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"चारुशीला, तू माझं यंत्र मारायला आली होतीस," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. "तू त्याला अमर केलंस. आभार मानावेत म्हटलं."

"ते बरं होणार हे मला माहीत होतं, सर. माझा घरचा बोर्ड आधीच बरा झाला होता."

"मग पाठवलंस कशाला?"

"या शोधात माझा वाटा निघू नये म्हणून तुम्ही आज पत्रकारांना काय सांगितलंत?"

त्यांनी सांगितलं होतं ते सगळ्या वाहिन्यांवर दिसत होतं: हे धातुरोम आम्हाला डाख तयार केला तेव्हापासून ठाऊक आहेत, त्यामुळे इलाजावरचा हक्क आमचाच.

"आयोगापुढे तुम्ही शपथेवर सांगितलं होतंत की डाखात काही दोषच नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याचं श्रेय घ्यायची तुमची सवय मला ठाऊक होती. मी फक्त श्रेय घेण्यासारखं काहीतरी पाठवलं."

आणि तिनं फोन ठेवला.

पावसाळा सरता सरता आयोग पुन्हा बसला. पांगारकरांना त्यांचंच पत्रकारांपुढचं भाषण दाखवण्यात आलं आणि हे खरं की शपथेवरची साक्ष खरी, असं विचारण्यात आलं. भाषण खरं धरलं तर खोतचा मृत्यू त्यांच्या माथी येत होता. साक्ष खरी धरली तर रोमदहनाचा हक्क जात होता आणि पत्रकारांपुढे ते खोटं बोलले होते. त्यांचं वय एकदम अंगावर आलेलं दिसत होतं.

मागच्या रांगेत बसलेल्या चारुशीलानं आपल्याला त्यांची दया येते का, ते मनाशी तपासून पाहिलं. येत नव्हती. ती उत्तराची वाट बघत बसून राहिली.