न वाचता बंद केलेल्या तक्रारी

छापखान्याच्या दारात शांभवी चप्पल काढायला वाकली आणि आतून कुणीतरी खच्चून ओरडलं, "ह्या बोरूवाल्यांच्या नानाची टांग!"

ती दचकली. संगणकापुढचा पोरगा वळला, दारातली मुलगी बघून त्यानं जीभ चावली.

"माफ करा हं... तुम्हाला न्हाय म्हटलं. या की पावणं. पत्रिका?"

"हो... आक्काच्या लग्नाची."

तुम्हाला न्हाय म्हणे! अहो, शिवी तिलाच बसली होती, पण ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

'बोरू' म्हणजे संगणकावर मराठी लिहायचं फुकटचं सॉफ्टवेअर. शांभवीनं आणि तिच्या मित्रांनी कॉलेजात असताना हौसेनं बनवलं आणि इंटरनेटवर मोकळं सोडलं. कुणीही घ्या, कुणीही सुधारा. पुढं मित्रांना बंगळूर-अमेरिकेत नोकऱ्या लागल्या, ते हात झटकून मोकळे झाले. कोल्हापुरात उरली एकटी शांभवी. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि घरी आल्यावर बोरूचं तक्रारींचं पान उघडायचं. आधी ती प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायची. पण वापरणारे वाढले, तशा तक्रारी इतक्या साठल्या की ते पान उघडायचीच धास्ती बसली. मग एका दुपारी तिनं... करू नये ते केलं. छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या जुन्या तक्रारींना एकच उत्तर धाडलं — 'आपली अडचण नव्या आवृत्तीत दूर केली आहे. धन्यवाद.' सगळ्या बंद. एकही न वाचता! पान कसं सारवल्यासारखं स्वच्छ झालं. घटकाभर तिला हलकं वाटलं. नंतर मात्र नुसतं आठवलं तरी कानशिलं तापायची.

"एवढं चिडायला काय झालं?" तिनं विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे.

"चिडू नको तर काय आरती ओवाळू? सेव्ह केलेली फाईल परत उघडत न्हाय, म्हणून कळवलं होतं. 'दूर केली' म्हणाले. मी बापडा विश्वास ठिवला! मुरगूडच्या यात्रेचं अख्खं पुस्तक त्यात बसवलं... आणि आज फाईल उघडंना. मामानं पार सालटी काढली माझी. आता पहिल्यापासून कीबोर्ड बडवतोय."

शांभवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'ती मीच' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानं चहा मागवला, हसला... हसताना त्याची एकच भुवई वर जायची. तिनं कप ओठाला लावला.

त्याचं नाव महांतेश, छापखाना त्याच्या मामाचा. मग काय, पत्रिकेचं निमित्त मिळालं. कधी शाईच फिकी, कधी पत्रिकेवरचं कुलदैवत वीरभद्राचं चित्रच लहान, कधी आत्याचं नाव राहिलं. आक्का शेवटी म्हणाली, "लगीन माझं हाय का तुझं गं?"

"तुमच्या घरचे लई चिकित्सक हायत," महांतेश एकदा म्हणाला.

"घरचे नाहीत... मी आहे."

"मग बरं हाय." भुवई वर गेली. "आणखी एक प्रूफ काढू?"

"दोन काढा."

तो हसला. कीबोर्डवर बोटं चालवत, तिच्याकडं न बघताच म्हणाला, "ह्या बोरूत आधी एक बाई उत्तरं लिहायच्या. 'तुमची तक्रार वाचून मीच ओशाळले. बघते हं.' असं कोण लिहितं वो? मी वाट बघत बसायचो... खुळ्यागत. आता त्या सोडून गेल्या वाटतं. त्या असत्या तर असं खोटं बोलल्या नसत्या."

शांभवीचा जीव एकाच वेळी वर आला आणि खाली बुडाला. ती बाई आपणच, म्हटलं तर हा हरखून जाईल. पण मग ते खोटंही आपलंच. एक सांगायचं आणि दुसरं झाकायचं, हे तिला जमेना. आणि दोन्ही सांगितलं, तर हा हातचा जाणार.

"बोलली की," ती म्हणाली.

"आँ?"

"खोटं बोलली ती. ती उत्तरं माझी, महांतेश. आणि ते... 'दूर केली' म्हणणारं पण माझंच. तुमची तक्रार मी वाचलीच नव्हती."

त्याची बोटं थांबली.

"मी पुस्तक परत बडवत हुतो," तो हळू म्हणाला, "तवा तुम्ही हितंच बसला हुता की. चहा पीत."

"हो."

"पत्रिका बांधून ठिवल्यात. घिऊन जावा."

गठ्ठा उचलून ती घरी आली. आक्कानं विचारलं तर धूळ गेली म्हणून डोळे चोळले. मग बोरूच्या पानावर तिनं स्वतःच्या पूर्ण नावानं लिहिलं — 'तुमच्या तक्रारी मी न वाचता बंद केल्या आणि तुम्हाला खोटं कळवलं. मला लाज वाटते. सगळ्या पुन्हा उघडते आहे. मला एकटीला झेपत नाही. मदत हवी.' शेवटचे दोन शब्द लिहायला सगळ्यात जड गेले. लोकांनी तिला धू धू धुतलं. काहींनी मदतीला येतो म्हणूनही कळवलं.

आक्काच्या लग्नाच्या धामधुमीतही तिनं फाईलचा घोळ निस्तरला आणि सीडी घेऊन छापखान्यात गेली. मान वर होईना.

"बघा तपासून. नाही उघडली तर मला तोंडावर सांगा."

महांतेशनं फाईल केली, बंद केली, उघडली... उघडली! त्यानं पायानंच शेजारची खुर्ची पुढं सरकवली.

"तुम्ही सगळ्यांपुढं लिहिलेलं वाचलं मी. अजून किती राहिल्यात?"

"डोंगर आहे."

"बसा. आमच्यात काम आलं की आधी चळती लावायच्या. लग्नाचं, निवडणुकीचं, मयताचं. मयताचं आधी छापायचं, ते थांबत न्हाय. तुमच्यात मयताचं कुठलं?"

ती विचारात पडली. "ज्यात माणसानं लिहिलेलं हरवतं... ते."

"मग ते आधी."

तेव्हापासून रविवारी दोघं चळती लावू लागले. ती एकेक तक्रार मोठ्यानं वाचायची, तो चळत सांगायचा. नुसता आरडाओरडा असला की निवडणुकीत! एका रविवारी ती वाचता वाचता अडखळली. तक्रारीखाली नाव होतं, महांतेश.

"'ळ हे अक्षर रुसल्यासारखं दिसतं'... महांतेश, ही तुमची? ह्या ळ पायी मी डोळे फोडून घेतले होते!"

महांतेश एकदम हाताची शाई पुसायला लागला. शाई नव्हतीच हाताला.

"ती... खोटी हाय. तुमचं उत्तर यावं म्हणून लिवली हुती. तिच्या खालच्या पण."

"सगळ्या?"

"फाईलची तेवढी खरी. तुमच्या ढिगात माझीच भर, आणि वर तुमच्यावरच तापलो... लाज वाटती बघा."

त्याचे कान लालभडक झाले होते. किती दिवसांनी शांभवी हसली, पोट धरधरून हसली.

"आता उत्तर पाहिजे असलं की लिहायचं नाही," ती म्हणाली. "समोर बसलेय ना? विचारायचं."

"काय?"

"जे विचारायचंय ते."

त्यानं टेबलावरचे कागद उगीच सारखे केले. मग टेबलाकडं बघत म्हणाला, "आई मुरगूडला असती... तिला भेटायला येशील?"

"येईन."

"अगं, जरा इचार तर कर!"

"केलाय. तूच विचारायला उशीर केलास."