गाळलेलं पाणी

सयाजी, तो मोबाइलचा उजेड बंद कर. आणि संयोगिता, तू मधे हसू नकोस, मग मला पुढचं सांगवत नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसानं असलं काही सांगावं का, माझं मलाच ठरत नाही. पण अनेकांत माझा विद्यार्थी. खोटं बोलणारा पोरगा नव्हे. म्हणजे... एकदाच बोलला. तेच सांगतो.

घर हातकणंगल्याला, नोकरी शिरोली एमआयडीसीत. नाद एकच. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचा आणि घरच्या बाथरूममध्येच धुवायचा. त्याची आजी, सीताबाई, कधी फोटोला बसली नाही. मोबाइल दिसला की तोंडावर पदर. पण आजोबांचा कॅमेरा बघून एकदा बसली. मळ्यात, विहिरीजवळ खुर्ची टाकून, अगदी समोर बघून. पुढच्या पंधरवड्यात गेली. घरात तिचा चेहरा उरला तो त्या एका रोलवर.

रोल धुऊन वाळवला, तर नेमके चेहऱ्यावर पांढुरके ठिपके. त्यानं मला फोन केला. "सर, बुडबुडं धरलं असतील काय?"

मी म्हटलं, बुडबुड्याचा डाग कायमचा. तुझे ठिपके चकचकीत बाजूला, हाताला खरखरीत लागतात का?

"व्हय."

मग ते बोअरच्या पाण्यातले क्षार. गोड्या पाण्यात पुन्हा बुडव, विरघळतील. पाणी तेवढं गाळून घे.

"गाळायचं आम्हाला नका शिकवू, सर," तो हसला.

जैनाचं घर ते. आजी होती तोवर न गाळलेला थेंब तिथं कुणाच्या तोंडात गेला नाही. गाळून झालं की फडक्याला अडकलेले बारीक जीव ती थोड्या पाण्यानं भांड्यात उतरवायची, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडायची. दुसरीकडं टाकले तर मरतात, म्हणायची. पाय सुजले तरी स्वतः जायची.

ती रात्र गेल्या मार्गशीर्ष अमावास्येची. शुक्रवार. रविवारी पाहुणे यायचे होते, त्याआधी फोटो लावायचा होता. घरचे सगळे जयसिंगपूरला. अनेकांतनं उजेडीच मळ्यातल्या विहिरीची घागर आणली होती. अंधार पडल्यावर आजीच्याच फडक्यानं पाणी गाळलं. पुन्हा मळ्यात कोण जाणार? पिण्याचं पाणी थोडंच होतं ते. फडकं त्यानं सिंकमध्ये झटकलं, वर नळ सोडला. मग फडकं घागरीवर टाकून घागर बाहेर ठेवली आणि धूळ नको म्हणून बाथरूमचं दार लावून घेतलं.

रोल बुडवला. ठिपके गेले. त्यानं तो दोरीला टांगला. आजी समोर बघत होती. स्वच्छ.

तेवढ्यात बाहेर पावलं. ओढत चालल्यासारखी.

"अनू, पाणी कुठल्या हिरीचं रं?"

जन्मभर ऐकलेला प्रश्न. सवयीनं उत्तर निघून गेलं. "मळ्यातल्या."

आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

...

"सोडून आलास न्हवं?"

संयोगिता, नको म्हटलं ना.

"काका, मी न्हाई ओ हसत... तुम्ही सांगा की."

खरं सांगता आलं असतं त्याला. मी असतो तर? मीही नसतं सांगितलं.

"व्हय की, आजी."

 

मग घागरीवरचं फडकं उचलल्याची सळसळ. पावलं. मागच्या दाराकडं. मळ्याकडं.

उजाडेपर्यंत त्यानं कडी काढली नाही.

फडकं काही सापडलं नाही. मांजरानं ओढून नेलं असेल, मीच त्याला म्हटलं. पण तो रोल मी स्वतः भिंगाखाली पाहिलाय. एक ठिपका नाही. तोच मळा, तेच ऊन, तीच खुर्ची. क्षार असं काही करत नाहीत. सयाजी, तू म्हणशील, दुसराच रोल असेल. असेलही. मला तरी कुठं सगळं कळतं?

पण रविवारी लावायला दुसरा फोटो नव्हता, म्हणून त्यातलाच लावला. अजून त्यांच्या सोप्यात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर आहे. खुर्ची रिकामी. आजी पाठमोरी, विहिरीकडं निघालेली.

खांद्यावर फडकं. ओलं.