पहिला की दुसरा?

मुलींशी बोलायचं म्हटलं की आनंदराजला आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि वाक्य जुळेपर्यंत मुलगी निघून जाई. समीक्षा गेली नाही, कारण गेम पार्लरमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची सोडून दुसरी रिकामी नव्हती.

तो बिलोलीचा. लातुरात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा आणि रविवारी दुपारी, विद्यार्थी बघत नाहीत ना याची खात्री करून, हळूच या पार्लरमध्ये शिरायचा.

"एकट्यानंच काय मारामारी करून राहिलात?" तिनं दुसरा रिमोट उचलला. "मला घ्या की."

त्यानं घेतलं. तिनं त्याला आडवं केलं.

ती निलंग्याची, इथं एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मग रविवार ठरूनच गेले. गेम एकच, 'टक्कर', आणि भांडणही एकच. तिला त्याचा पहिला भाग आवडायचा, त्याला दुसरा. पहिल्यातली चित्रं ओबडधोबड, पण दोघांचे ठोसे एकाच क्षणी बसले तर दोघंही एकदम पडायचे. दुसऱ्यात ती गंमत काढून टाकली होती. एक जण उभा राहणारच.

"निकाल लागला पाहिजे," तो म्हणायचा.

"सगळ्याचाच निकाल काय लावायचा, सर?" ती म्हणायची.

मग एकदा खेळता खेळता ती सहज बोलून गेली, की आईनं दोन स्थळं आणलीत. पहिलं नांदेडचं, दुसरं उदगीरचं. पुढच्या रविवारी निरोप द्यायचाय… आनंदराजनं मनात वाक्य जुळवायला घेतलं. आठवडाभर जुळवत होता. जुळलंच नाही.

तो रविवार उजाडला. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. आत कूलरचे बारीक तुषार तिच्या गालावर येऊन बसत होते, ते बघण्याच्या नादात त्याचा पैलवान दोनदा मार खाऊन पडला.

"सर… खरं सांगा हं." ती पडद्याकडे बघत होती. "पहिला की दुसरा?"

स्थळांचा विषय निघाला नाही! त्याला हायसं वाटलं.

"दुसरा," तो उत्साहानं म्हणाला. "दिसायला देखणा. चपळ. पहिला आता जुना झाला."

तिनं रिमोट खाली ठेवला. "आणि… स्वभावाला?"

"स्वभावाला? दुसऱ्यात मारामारी जरा जास्तच आहे. रक्तही निघतं. पण होते सवय."

"सवय होते?" तिचा आवाज चिरकला. मग तिनं पर्स उचलली. "बरं. आईला दुसरा म्हणून कळवते."

"आईंना?" तो गोंधळला. "आई पण खेळतात?"

"काय खेळतात?"

"टक्कर…"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, मी स्थळांचं विचारून राहिले!"

त्याचे कान तापले. "नका कळवू," एवढंच तोंडातून निघालं.

"का?"

वाक्य जुळेना. त्यानं मुकाट्यानं पहिला भाग लावला आणि रिमोट तिच्यापुढं धरला. ती उभीच होती. मग टेकली, खुर्चीच्या अगदी कडेला. दोन ओबडधोबड पैलवान एकमेकांवर धावले, ठोसे एकदमच बसले, आणि दोघंही धाडकन पडले.

"दोघं…" तो म्हणाला.

"दोघं काय?"

"एकदम पडले."

"ते गेममध्ये, सर."

"मी… मी तर लई दिवसांचा पडलोय," तो रिमोटशी बोलावं तसं बोलला. "तुमचं मला माहीत नाही."

कूलर घरघरत राहिला. तिनं ओढणीच्या टोकानं गालावरचं पाणी टिपलं, की आणखी काही, त्याला कळलं नाही.

"इतके रविवार मी पहिलाच का लावायला सांगत होते मग?" ती हळूच म्हणाली. "एकटीला पडायचं भ्या वाटत होतं…"

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हाव, आई. न्हाई, नांदेडचा न्हाई. उदगीरचा बी न्हाई… तिसरा."

आनंदराज पुन्हा गोंधळला. "तिसरा भाग आला? कधी?"

तिनं फोनवर हात ठेवला आणि रिमोटनंच त्याच्या मनगटावर हलकी टपली मारली.

"आलाय, सर. बिलोलीहून."